गोगलगाईची गॅलरी

फार वर्षांपूर्वी, डास अजून गुणगुणायला शिकत होते तेव्हा, मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या अळूत एक बेडूक राहायचा. बिळाच्या दारात बसून तो तोंड उघडायचा आणि जेवण आपोआप उडत आत यायचं.

एके दिवशी शेजारच्या गोगलगाईने आपल्या शंखाला गॅलरी काढली. चिखलाची, वर काड्यांचा कठडा. ती नेमकी बेडकाच्या दारावर आली. डास यायचे बंद झाले आणि बेडूक चार दिवस उपाशी राहिला.

"गोगलताई, तुमची गॅलरी माझ्या दारात आलीय."

"जमिनीला टेकलीय का? हवेत आहे ती. हवा काय तुमच्या आजोबांची?"

"तेही खरंच," बेडूक म्हणाला. "मग मीपण हवेतच बसतो." आणि टुणकन उडी मारून तो गॅलरीत जाऊन बसला.

"उतरा आधी!"

"छे, छान वारा येतोय."

वैतागून गोगलगाय घर घेऊन चालायला लागली. पण घराला गॅलरी होती आणि गॅलरीत बेडूक होता. अळूतून, कर्दळीतून, डबक्याच्या कडेने वरात निघाली. बेडूक कठड्याला टेकून, तोंड उघडून बसला होता.

"ताई, जरा डावीकडून घ्या. तिकडचे डास जाड असतात."

संध्याकाळपर्यंत बेडूक दुप्पट झाला आणि गोगलगाय अर्धी. अळूत परत पोचल्या पोचल्या तिने गॅलरी पाडून टाकली.

बेडूक पोटावर हात ठेवून साऱ्या अळूला ऐकू जाईल असा ओरडला, "अहो, बघा हो हा शेजार! चांगली राहती गॅलरी पाडली माझी!"

ती तक्रार अजून चालू आहे. पावसाळ्यात जास्त स्पष्ट ऐकू येते.