झऱ्याचं वर्तुळ

"...मग माझं गणित चुकलं कुठे, बुवा?"

विश्वंभर मठाच्या अंगणात उभाच होता. भानुबुवांचा हा शिष्य शहरातून संख्याशास्त्र शिकून आलेला. गावात तापाची साथ आली, तेव्हा घरोघर फिरून मोजणी त्यानेच केली होती.

बुवांनी विचारलं, "ठकूबाई तुझ्याकडे कशाला आली होती?"

"झऱ्याचं पाणी बंद करू का, म्हणून. लेकीची काळजी वाटत होती तिला."

"तू काय सांगितलंस?"

"गावात माणसं तीनशे. झऱ्याचं पाणी पिणारी आणि तापाने पडलेली पंधरा. म्हणजे शंभरात पाच. म्हटलं, खुशाल पी."

"आणि तिची चंद्री..."

"काल तापाने गेली." त्याचा आवाज कोरडा होता. "पण आकडे खरे आहेत, बुवा. पुन्हा तपासलेत मी."

"काढून दाखव."

विश्वंभर खाली बसला. त्याने धुळीत एक मोठी चौकट आखली. हे गाव. आत एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं. एक झऱ्याचं पाणी पिणाऱ्यांचं, दुसरं तापाचं. जिथे दोन्ही मिळत होती तिथे पंधरा लिहिले. झऱ्याच्या उरलेल्या भागात पाच, तापाच्या उरलेल्या भागात पंचवीस. बाहेर दोनशे पंचावन्न.

"झाले तीनशे," तो म्हणाला.

बुवा वाकले. तळहाताने त्यांनी बाहेरचे दोनशे पंचावन्न पुसले. मग पंचवीसही पुसले.

"बुवा, हे काय..."

"ही माणसं झऱ्यावर जातच नव्हती. ठकूबाई जात होती."

धुळीत एकच वर्तुळ उरलं होतं.

"आता मोज."

विश्वंभरने पंधरात पाच मिळवले.

"विसात... पंधरा."

"हं."

"चारात तीन, बुवा... आणि मी तिला शंभरात पाच सांगितलं."

त्याने वर्तुळातल्या पाचांवर बोट ठेवलं.

"चंद्री तेव्हा बरी होती. मी मोजणीला गेलो तर दारात लंगडी खेळत होती. या पाचांत होती ती... मी नुसतं 'बंद कर' म्हटलं असतं तरी..."

त्याने तोंड ओंजळीत लपवलं.

बुवांनी बोटाने पंधराचे सोळा केले. पाच पुसून चार लिहिले.

"मी ठकूबाईकडे जातो," विश्वंभर हुंदका देत म्हणाला. "तिच्या पाया पडतो."

बुवांनी डोळे पुसले.

"आधी या चौघांकडे जा. रडायला आपण मग बसू."