कात टाकलेल्या चिंबोरीचं बीळ

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. तिथल्या बायका सोन्याच्या आधी चिखल अंगावर घालतात, असं शेजारच्या गावचे लोक चिडवायचे. त्या गावात चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरणारी एक बाई राहायची. तिवरांच्या मुळांत बीळ दिसलं की आत हात घालायचा, चिंबोरीला पाठीकडून धरायचं आणि नांग्या हलायच्या आत टोपलीत टाकायचं, हे तिचं काम. हातांवर ओरखडे कितीतरी होते, पण दहाच्या दहा बोटं शाबूत होती आणि त्याचा तिला भारी तोरा होता.

हे काम तिला सासूने शिकवलं होतं. शिकवताना म्हातारीने एक गोष्ट बजावून ठेवली होती.

"बिळाच्या तोंडाशी चिंबोरीचं रिकामं कवच पडलेलं दिसलं, की तिथनं पुढे चालू लागायचं. आत तिनं कात टाकलीय. अंग नुसतं लोणी झालंय. आणि ती आत एकटी नसते गो. नव्या जोडप्याच्या खोलीत हात घालत नाय कोणी."

बाईने हा नियम वीस वर्षं पाळला. मग तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

लेकीचं पोट तेवढं पुढे आलेलं, बाकी सगळी वाळून गेलेली. चार दिवस तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. आईने भात पुढे केला की ती तोंड फिरवायची. पाचव्या दिवशी ती हळूच म्हणाली, "आये, मना मऊ चिंबोरी खावीशी वाटते गो. कवचासकट चावता येते ना, तसली."

 मऊ चिंबोरी कुठे असते, ते आईला पक्कं ठाऊक होतं. पण चार दिवसांची उपाशी लेक समोर बसलेली असताना सासूचा नियम कोण आठवत बसणार? 'एकदाच,' तिने मनाला समजावलं. 'परत नाय.'

त्या दिवशी अमावास्या होती. दुपारी ओहोटी लागली तशी ती टोपली आणि लोखंडी आकडी घेऊन निघाली. नेहमी चार बायका बरोबर असायच्या. आज तिने कुणालाच हाक मारली नाही, कारण नियम मोडताना साक्षीदार नको होते.

तिवरांच्या अगदी आतल्या बाजूला तिला ते बीळ सापडलं. तोंडाशी कवच पडलं होतं, नांग्या, पाय, डोळ्यांच्या खोबणीसकट अख्खं. पाहणाऱ्याला वाटावं चिंबोरीच मेली आहे. उचललं तर सुकल्या पानाएवढं हलकं. बाईने ते टोपलीत टाकलं, चिखलात कुशीवर आडवी झाली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. आकडी घातली असती तर मऊ अंग फाटलं असतं, म्हणून ती बाजूला रोवून ठेवली.

बोटांना काहीतरी गार आणि लिबलिबीत लागलं. तिने अलगद मूठ मिटली. मुठीत ते अंग थरथरलं.

त्याच क्षणी तिच्या मनगटावर नांगी आवळली.

बाईच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने जीव खाऊन हात ओढला, तशी पकड आणखी घट्ट झाली. पुन्हा ओढला, तर हाडच कडकडलं. आतल्या चिंबोऱ्याने, त्या मऊ चिंबोरीच्या नराने, मुळाला पाय देऊन स्वतःला बिळात घट्ट बसवून घेतलं होतं.

"सोड मेल्या!" ती किंचाळली.

"आधी तू सोड," आतून आवाज आला.

त्या काळी खाडीतले जीव बोलायचे, आणि घाबरलेल्या माणसाला ते समजायचंही.

"माझी लेक उपाशी आहे," बाई म्हणाली.

"मीही उपाशीच आहे," चिंबोरा म्हणाला. "कात टाकायच्या आधी चार दिवस हिला पोटाखाली धरून फिरलो. ही मऊ पडली की आमचेच भाऊबंद हिला खायला टपलेले असतात. हिने कात टाकली आणि आमचं लग्न लागलं. आता ही उभीसुद्धा राहू शकत नाही. अजून पंधरवड्याने कवच घट्ट होईल. मग ही माझं बीज पोटात घेऊन खाडीबाहेर समुद्रात जाईल आणि तिथे पोटाच्या झाकणाखाली लाखो अंडी सांभाळील. तोवर मी इथून हलणार नाही."

एवढ्यात बाईच्या पायांना गार पाणी लागलं. भरती लागली होती.

तिने वर पाहिलं. तिवराच्या खोडाला कालवं चिकटली होती. कालवं जिथवर, तिथवर पाणी येतं, हे खाडीकाठच्या पोरासोरांनाही कळतं. ती कालवं तिच्या डोक्याच्या हातभर वर होती, आणि आज तर अमावास्येचं उधाण होतं. तिने हाका मारल्या. तिवरांतून एक बगळा उडाला, बाकी कुणी ओ दिली नाही. 

तिने डाव्या हाताने आकडी उपसली. वरून चिखलातून खुपसली तर बिळात पोचली असती. पण कुणाच्या अंगात? चिंबोऱ्याच्या, की त्या मऊ जिवाच्या, की तिच्या स्वतःच्या बोटांत? काहीच दिसत नव्हतं. शिवाय तुटलेली नांगीही पकड सोडत नाही, हे तिने टोपलीच्या काठावर कितीदा पाहिलं होतं. आकडी तिच्या हातातून गळून पडली.

पाणी कमरेवरून चढत खांद्याशी आलं.

"मी सोडलं आणि तू नाय सोडलंस तर?" तिने विचारलं.

"मी सोडलं आणि तू हिला ओढून नेलंस तर?" चिंबोऱ्याने विचारलं. त्याचाही आवाज कापत होता.

 आपल्याइतकंच कुणीतरी आतही भेदरलेलं आहे, हे बाईच्या ध्यानात आलं. तिला दारात वाट बघणारी लेक दिसली. ऐन वेळी लेकीने आये म्हणून हाक मारली आणि आये नसलीच तर? पाणी कानाशी आलं होतं. तिने डोळे मिटले आणि मूठ उघडली.

काहीच झालं नाही. मऊ चिंबोरी तळहातावर तशीच पडून राहिली, कारण तिला चालताच येत नव्हतं. नांगीही सुटली नाही. बाईचं सगळं अंग ओरडून सांगत होतं, ओढ, ओढ! पण ती हलली नाही. पाणी ओठांना लागलं. तिने मान ताणली, नाकाने श्वास घेतला आणि हात मेल्यासारखा सैल ठेवला.

मग तळहातावर हलकेच गुदगुल्या झाल्या. चिंबोऱ्याने आपल्या बायकोला पायांनी ओढून मागे घेतलं होतं. आणि नांगी एकेक दात सोडत उघडत गेली.

बाई खोकत, ठेचकाळत, मुळं धरत काठाला लागली. घरी पोचली तेव्हा मनगट काळंनिळं झालं होतं आणि टोपलीत फक्त ते रिकामं कवच होतं. तिने लेकीपासून काही लपवलं नाही. ऐकता ऐकता लेकीने आपल्या पोटावर दोन्ही हात ठेवले.

"मना पेजच दे गो आये," ती म्हणाली, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा वाटीभर पेज तिच्या पोटात टिकली.

पंधरा दिवसांनी लेक अडली. सकाळपासून दुपार झाली तरी सुटका होईना. कळ आली की ती आईचं मनगट आवळायची, नेमकं तेच, जखमेचं. नखं रुतून रक्त आलं.

"हात सोडव की बाय," सुईण म्हणाली. "मोडून टाकील ती."

"नाय," आई म्हणाली. "भ्यालीय ती. धरू दे."

तिने हात जरासुद्धा ओढला नाही. तशीच बसून राहिली, सैल हात लेकीच्या मुठीत देऊन. उन्हं उतरणीला लागली तेव्हा बाळाचं रडणं घुमलं आणि लेकीची बोटं आपोआप उघडली.

त्याच सुमारास खाडीतून एक चिंबोरी नव्या, टणक कवचात समुद्राच्या वाटेला लागली होती. चिंबोरा तिवरांतच मागे राहिला आणि पोटभर जेवला.

तात्पर्य: भ्यालेल्याची पकड ओढून सुटत नाही. आधी आपली मूठ उघडावी लागते, आणि मग धीर धरावा लागतो.