तळघरातलं पाणी आणि ठकूबाईची दवंडी

“रहाट करकरतोय, मोडेल, म्हणून मी घसा कोरडा केला. कुणी म्हणजे कुणी ऐकलं नाही. आता तळघरात कमरेएवढं पाणी झालं, तर सगळ्यांना ठकूबाई आठवली!”

भर दरबारात असं बोलायची सोय नव्हती. पण सोय बघून बोलायची ठकूबाईला सवय नव्हती. ती वाड्याचं तळघर झाडायची. वाडा तळ्याकाठी, त्यामुळे तळघराच्या भिंती कायम पाझरायच्या. पाणी कोपऱ्यातल्या खड्ड्यात जमायचं, वर अंगणात बैल फिरला की रहाटाची गाडगी ते उपसून बाहेर ओतायची. आज रहाटाचा कणाच मोडला होता आणि राजाच्या तुपाच्या घागरी पाण्यावर तरंगत होत्या.

राजा रणधवल चिडला होता. चिडलेल्या राजाला दोषी लागतो, आणि तो गरीब असला की जास्त शोधावं लागत नाही.

“तळघर कुणाच्या ताब्यात?”

“ठकूच्या, सरकार,” कारभारी नारोपंत म्हणाले. दुसऱ्याचं नाव घ्यायचं असलं की पंतांना वेळ लागत नसे.

“मग ते तूच कोरडं करायचं,” राजा म्हणाला. “दिवस मावळायच्या आत. बैल मिळणार नाही. वाड्यातला एकही माणूस हात लावणार नाही. नाही जमलं तर नगर सोडायचं.”

ठकूबाईला आधी घर आठवलं. लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली, दिवस भरलेले. अशा पोरीला घेऊन जायचं कुठे, झाडाखाली?

“एवढं पाणी एकट्या बाईनं उपसायचं, सरकार?”

“कसं ते तू बघ.”

“बघते. बैल नको, माणूस नको. एक दवंडी तेवढी द्या. शब्द मात्र माझे.”

“दवंडीनं पाणी उपसणार?” राजाला गंमत वाटली. “घे, दिली.”

घटकाभरात चौकाचौकांत डफ वाजला. “ऐका हो ऐका! तळघरातलं पाणी कुणीही नेऊ नये. वाड्याच्या मागच्या दाराला आज पहारा नाही, म्हणून कुणी तिकडे फिरकू नये हो!”

आता या नगरातले लोक कसे, ते सांगायला हवं. झाडं लावा म्हणून दवंडी झाली, तेव्हा एक रोप लागलं नव्हतं. राजाच्या बागेतले आंबे तोडू नका अशी झाली, तेव्हा दुपारपर्यंत बागेत नुसती पानं उरली होती.

मागच्या दाराशी पहिली आली चंफी कासारीण. काखेत रिकामी घागर.

“ठके, काय आहे गं त्या पाण्यात?”

“चिखल.”

“खरं सांग.”

“अगं, भिंतीतनं पाझरलेलं पाणी ते. बेडूक आहेत त्यात.”

“नाही सांगायचं तर नको सांगूस,” म्हणत चंफी पायऱ्या उतरली आणि घागर भरून घेतली.

तिच्यामागे सोनारीण होतीच. “म्हणे बेडूक! बेडकांसाठी दवंडी देतात होय सरकार? आपल्याला वेड्यात काढते ही.”

दुपारी कुणी म्हणालं, त्या पाण्यानं गुडघे धरायचे थांबतात. कुणी म्हणालं, टकलावर केस येतात. ठकूबाई दारात बसून प्रत्येकाला खरं तेच सांगत होती, आणि ती जितकं खरं सांगे तितकी रांग वाढत होती. घागरी आल्या, हंडे आले, एकानं तर पोराला आंघोळ घालायचं घंगाळ आणलं. कारभाऱ्यांच्या घरूनही दोन कळश्या आल्या, शालीखाली झाकून.

दिवस मावळायला राजा खाली उतरला, तर तळाशी नुसता चिखल.

“सरकार, लोकांनी हुकूम मोडला,” नारोपंत पुढे झाले. “सगळ्यांना शिक्षा व्हायला हवी.”

“होऊ दे की,” ठकूबाई म्हणाली. “पंतांच्या घरच्या दोन कळश्यांपासून सुरुवात करा.”

पंतांना एकदम खोकला आला. राजानं त्यांच्या टकलाकडे पाहिलं. ते ओलं होतं.

“ते राहू दे,” राजा ओठ दाबत म्हणाला. “रहाट ज्याच्यापायी मोडला, तोच हा चिखल काढेल. कोण तो?”

“शब्द फिरवायचा नाही, सरकार.”

“राजाचा शब्द आहे.”

“मग ऐका. रहाट करकरायचा, मी तेल मागितलं. तर वरून हुकूम आला, करकरीनं दुपारची झोप मोडते, रहाट बांधून ठेवा. पंतांनी दोरखंडानं बांधला. आवाज थांबला, तेव्हा ‘रहाट दुरुस्त झाला’ म्हणून यांनी शेलाही मिळवला. पाणी चढलं तशी आज पहाटे घाई झाली. दोरखंड न सोडताच बैल जुंपला, आणि कणा कडकन मोडला.”

“म्हणजे दोष पंतांचा!”

“पंत हुकमाचे ताबेदार. झोप कुणाची मोडत होती, सरकार?”

राजा असा हसला की रिकामं तळघर घुमलं. लेकीच्या दूधदुभत्याला दुभती म्हैस आणि रहाटावर यापुढे ठकूबाईचाच हुकूम, असं त्यानं तिथल्या तिथे जाहीर केलं. मग अंगरखा खोचला आणि फावडं मागितलं.

“शिक्षा झाली की दवंडी द्यावी लागते, सरकार,” पंत चाचरत म्हणाले. “दोषी म्हणून नाव कुणाचं घालू?”

राजानं ठकूबाईकडे पाहिलं.

“रणधवल,” ती म्हणाली.