साखळीतली चार वर्षे

एका शहरात एक नियम होता. मोठ्या माणसाचे नाव आले की मान खाली घालायची, वर्ष विचारायचे नाही.

रय्याला हा नियम ती सात वर्षांची असताना सांगितला गेला. तिने विचारले, का? उत्तर मिळाले, "का, हेही विचारायचं नाही."

हे शहर इराकात होते, तैग्रिस नदीच्या काठी; काळ सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचा. रय्याचे काका, शेख हुमैद, इतिहास लिहीत. त्या काळचे अरबी इतिहासकार हकिकत लिहिण्याआधी नावे लिहीत. मला अमक्याने सांगितले, त्याला तमक्याने सांगितले, आणि तमक्याने ते डोळ्यांनी पाहिले. या नावांना ते साखळी म्हणत. एकाच घटनेच्या दोन हकिकती मिळाल्या तर दोन्ही लिहायच्या, आपापल्या साखळीसकट. खरे-खोटे वाचणाऱ्याने ठरवावे. शेखांची नजर अधू झाली होती. ते तोंडाने सांगत आणि वीस वर्षांची रय्या लिहून घेई.

ग्रंथ नदीपलीकडच्या एका किल्ल्यापाशी येऊन अडला.

ऐंशी वर्षांपूर्वी अरबांच्या सैन्याने तो किल्ला घेतला होता. पण कसा? तलवारीने की तहाने? प्रश्न जुना होता, तरी त्यावर आज जिवंत असलेल्या माणसांचे भवितव्य टांगलेले होते. तह झाला असेल तर तहात दिलेला शब्द अजून पाळायला हवा. म्हणजे किल्ल्याभोवतालच्या खजुराच्या बागा तिथल्या मूळ लोकांच्याच. तलवार चालली असेल तर बागा जिंकणाऱ्यांच्या नातवंडांच्या. नवे काझी दुसऱ्या दिवशी निकाल देणार होते, आणि त्यांनी शेखांचा ग्रंथ मागवला होता.

म्हणून निकालाच्या आदल्या सकाळी मशिदीच्या अंगणात शहरातली सगळी वडीलधारी मंडळी जमली. मधोमध सरदार नौफल बसला होता. किल्ला आपल्या आजोबांनी जिंकला, असे तो सांगे. दाराबाहेर, चपलांच्या शेजारी, मत्ता नावाचा म्हातारा माळी बसला होता. तो किल्ल्याच्या गावातला, तिथल्या मूळ लोकांपैकी. त्याला आत बोलावले नव्हते आणि तो जातही नव्हता.

रय्याने पहिली हकिकत वाचली. "मी, रय्या, सांगते. मला उम्म सिमाक यांनी सांगितलं. त्या तेव्हा बारा वर्षांच्या होत्या आणि सैन्यासाठी पाणी भरत होत्या. त्यांनी पाहिलं की किल्ल्याचा दरवाजा आतून उघडला. तह झाला. बागांना हात लावणार नाही, असा शब्द दिला गेला."

अंगणात हशा पिकला.

"पखाली भरणारी बाई!" नौफल म्हणाला. "तिला लढाईतलं काय कळणार?"

"लढणारा माणूस घटाघटा पाणी पितो, सरदार," रय्या म्हणाली. "त्या म्हणायच्या, त्या दिवशी एकही पखाल रिकामी झाली नाही. भरलेल्या नेल्या, भरलेल्या परत आणल्या. पाठ मोडून गेली माझी, म्हणायच्या."

हसू थांबले. कोपऱ्यातून साबिक नावाचे वृद्ध गृहस्थ खेकसले, "म्हातारपणी भ्रम झाला असेल तिला. किल्ल्याला बुरूज किती, ते तरी धड सांगायची का?"

"नाही. कधी चार म्हणायच्या, कधी पाच. तेही मी लिहिलंय."

शेख हुमैद घाईने म्हणाले, "पुढची हकिकत घे, पोरी."

पुढची हकिकत नौफलची होती. त्याने ती उभे राहून सांगितली. "मला माझ्या वडिलांनी सांगितलं. त्यांना थोर काझी हुरैस यांनी सांगितलं. काझी त्या लढाईत स्वतः होते. माझे आजोबा शिडी लावून तटावर चढले, आणि किल्ला तलवारीनं घेतला."

काझी हुरैस! नाव ऐकताच सगळ्यांच्या माना खाली गेल्या. शेखांचीही गेली.

रय्याची मान वरच होती.

"काझी हुरैस कोणत्या वर्षी वारले?" तिने विचारले.

कोणीतरी दचकून खाकरले. शेखांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. पण साबिकांना राहवले नाही. ती आठवण त्यांच्या अभिमानाची होती. "महामारीच्या वर्षी. मी पाच वर्षांचा होतो. वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलंय मी. काझींना होडीतून पलीकडे नेलं. तेव्हा नदीवर पूल नव्हता ना."

"पूल कधी झाला?"

"महामारीनंतर चार वर्षांनी."

रय्या नौफलकडे वळली. "सरदार, दर ईदला तुम्ही आम्हाला सांगता की पूल खुला झाला त्या दिवशी तुमचे वडील जन्मले. नगारे पुलासाठी नव्हे, माझ्या बापासाठी वाजले, असं म्हणता."

नौफलचा चेहरा लाल झाला.

"मग मेलेल्या काझींनी चार वर्षांनी जन्मणाऱ्या मुलाला ही हकिकत सांगितली कशी?"

दाराबाहेर मत्ता उठून उभा राहिला होता. त्याने चौकट घट्ट धरली होती.

मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. मग साबिक हळूच म्हणाले, "एवढंच ना? मधलं एखादं नाव विसरलं असेल. काझींचा नोकर होता की, अबान. तो पुष्कळ जगला. काझींनी अबानला सांगितलं, अबाननं सरदारांच्या वडिलांना. झाली साखळी पुरी!"

"हो, हो, अबानच!" नौफल म्हणाला. "आत्ता आठवलं."

"लिही, पोरी," साबिक म्हणाले. "तुझं अक्षर छान आहे. आणि त्या पाणीवालीचं पान काढून टाक. एका ग्रंथात दोन तोंडं कशाला?"

रय्याने काकांकडे पाहिले. शेख हुमैदांनी आयुष्यभर एकही नाव आपल्या मनाने लिहिले नव्हते. पण समोर बसलेल्यांपैकी निम्मे त्यांच्या लहानपणापासूनचे सोबती होते.

"लिही," शेख पुटपुटले. "मोठी माणसं सांगताहेत."

दारातून मत्ता पहिल्यांदाच बोलला. "लिहायचंच असेल तर हेही लिही, बाई. त्या बागेतली खजुराची शेवटची ओळ माझ्या बापानं लावली, आणि लावताना म्हणाला, शब्द दिलाय त्यांनी, भिऊ नकोस."

"तुला कोणी विचारलं?" नौफल ओरडला.

रय्याने बोरू शाईत बुडवला. सगळ्यांची नजर तिच्या हातावर होती. तिने एक एक शब्द मोठ्याने उच्चारत लिहिला.

"सरदार नौफल सांगतात. त्यांना वडिलांनी सांगितले, वडिलांना काझी हुरैस यांनी सांगितले, की किल्ला तलवारीने घेतला. काझी हुरैस महामारीच्या वर्षी वारले. सरदारांचे वडील त्यानंतर चार वर्षांनी जन्मले. मत्ता माळी सांगतात. त्यांच्या वडिलांनी बाग लावताना म्हटले, शब्द दिला आहे."

मग तिने बोरू खाली ठेवला.

"तुमची हकिकत मी खोडली नाही, सरदार. उम्म सिमाकांचीही खोडणार नाही. पण अबाननं काय सांगितलं, ते इथं कोणीही ऐकलेलं नाही. त्याचं नाव माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. काका, तुम्हाला हवं असेल तर हा घ्या बोरू. तुम्ही लिहा."

तिने बोरू पुढे केला. शेखांनी हात उचलला, आणि तो पुन्हा मांडीवर ठेवला.

"साबिकसाहेब, तुम्ही? सरदार, तुम्ही?"

बोरू एकेकासमोर फिरला. कोणी घेतला नाही. अंगणात फक्त शाई वाळत होती.

तात्पर्य: कोणी सांगितले आणि कधी सांगितले, हे मोठ्यांनाही विचारावे. आपण न विचारता मान डोलावली, तर त्याची किंमत दाराबाहेर बसलेल्या माणसाला मोजावी लागते.