अनॉनचा माथा

गावामागच्या या टेकडीला सरकारी नकाशात दुसरंच नाव आहे. पण गावात कुणालाही विचारा, 'अनॉनचा माथा' हेच सांगेल. शब्द साहेबाचा. आता म्हणे साहेबाच्या देशातही तो कुणी बोलत नाही.

कंपनी सरकारच्या काळात मुलूख मोजणारा एक साहेब इथं आला, असं सांगतात. त्यानं बयजा कोकरे हिच्या नवऱ्याला, भागूला, निशाणाची काठी देऊन माथ्यावर उभं केलं. साहेब दरीपलीकडच्या डोंगरावरून मोजणार, काम झालं की लाल बावटा दाखवणार. तोवर काठी सोडायची नाही. भागू सरळ माणूस. त्यानं बिरोबाचा भंडारा उचलून तशी शपथच घेतली. "पर किती येळ?" बयजानं विचारलं. साहेब घोड्यावर बसता बसता म्हणाला, "अनॉन." दुभाष्यानं सांगितलं, "लगेच."

ते 'लगेच' चार दिवस झाले तरी येईना. वैशाखाचं ऊन, वर झाडाचं पान नाही. बयजा पाणी-भाकरी घेऊन चढायची आणि विनवायची.

"अवं, चला की खाली. सायेब काय बिरोबा हाय?"

"भंडारा सायबाचा न्हवं, देवाचा उचललाय," भागू म्हणाला. अंगात ताप होता. पडू नये म्हणून त्यानं पटक्यानं कंबर काठीला बांधून घेतली होती.

पाचव्या दिवशी ती पलीकडच्या डोंगरावर पोचली. तिथं विझलेल्या चुली होत्या आणि तंबूच्या खुंट्यांची भोकं. साहेब आजारी पडला आणि तळ पहिल्याच दिवशी उठला, म्हणे. माथ्यावरच्या माणसाची आठवण कुणाला राहिली नाही. बयजानं लुगड्याचा लाल पदर फाडला, फांदीला बांधला. पाप लागलं तर मला लागू दे, म्हणत हात गळेपर्यंत हलवला. समोरची काठी हलेना. दिसत नसेल, असं वाटून ती आणखी वर चढली.

लोक माथ्यावर गेले तेव्हा भागू तसाच उभा होता. जीव सकाळीच गेला होता.

पुढं एका शिकलेल्या पाहुण्यानं बयजाला सांगितलं, की या शब्दाचा मूळ अर्थ खरंच 'आत्ता, या घडीला' असा होता. पण माणसं तो बोलत गेली आणि उशिरा येत गेली. मग त्याचा अर्थ 'थोड्या वेळानं' झाला, आणि शेवटी तो कुणी बोलेनासंच झालं.

"मंजी शबूद खरा हुता," बयजा म्हणाली. "माणसांनी खोटा केला."

आजही आमच्या गावात घरातून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही. परक्याला ते अभद्र वाटतं, वाटू दे. आम्ही 'जातो' म्हणतो, आणि दारातलं माणूस 'कधी येणार' असं विचारत नाही.