क्रेनचं गालबोट

टेबलावरच बंदर वसायचं, त्या काळातली गोष्ट.

बोटभर क्रेन जोडून झाली होती. बारीक केसांच्या ब्रशनं, कुंचलीनं, तिला पिवळाधमक रंग दिला होता. आता राबत्या क्रेनसारखा तिच्यावर गंज रंगवला, की तिला इवल्याशा बंदरात जागा मिळणार होती. पण लेकीला मळवायचा कुंचलीला धीर होईना. तिनं केबिनमागे तिटेएवढा तपकिरी ठिपका लावला. "झालं हो गालबोट!"

बंदरातलं गंजकं इंजिन खवचटपणे म्हणालं, "पाळण्यातच ठेवा बाई हिला. इथं कामकरी राहतात."

क्रेन रडवेली झाली. "आई, इतक्या कोऱ्या आकड्यानं कुणी कधी काही उचललंय का गं?"

कुंचलीनं मन घट्ट केलं. आकड्यावर, साखळीवर, जिथं ओझं घासलं असतं तिथं तिनं गंज चढवला.

"फार नाही ना झाला?"

"अजून थोडा," क्रेन म्हणाली.