तपेलीआक्काच्या नेमांचं उद्यापन

त्या राज्यात भांड्याला दुखणं एकदा जडलं की ते जन्माचं सोबतीला राही. पितळेवर हिरवा डाग धरे, लोखंडावर गंज चढे, तांबं काळं पडे. घासलं की जाई आणि मुकाट्याने परत येई. कायमचं बरं होणं असं तिथे काही नव्हतंच. बरं राहणं होतं, आणि ते रोज करावं लागे. ज्यांना ते जमलं नाही, ती मोडीच्या पोत्यात जात. पोत्यातून परत आलेलं भांडं कुणी पाहिलेलं नव्हतं.

म्हणून त्या राज्यात नेम होते. नेम वरच्या फळीवरून येत. तिथे चाळणबाई राहत असे. राज्यातल्या भांड्यांच्या हकिकती दाण्यांच्या रूपाने तिच्याकडे जात: कुणाला काय झालं, कशाने उतार पडला, कशाने बिघडलं. ती उपाशीतापाशी दिवसभर चाळत बसे. जो दाणा तिच्या जाळीतून स्वच्छ खाली पडे, त्याचा नेम होई. मग घंटा वाजे आणि नेम खाली उतरे. हिरव्या डागाला रोज सकाळी चिंच-मिठाने चोळावं. गळक्या बुडाला कथलाचा डाख लावावा, तो कोरडा ठेवावा, आंबट त्याच्या वाऱ्यालाही उभं करू नये. बूड डळमळत असेल तर काठोकाठ पाणी भरून बसावं.

नेम खोटे नव्हते, बरं का. नेम येण्याआधी जो तो मनाला येईल तसं घासून घेई आणि मोडीचं पोतं महिन्याला भरे. नेम आले आणि पोतं अर्धं राहू लागलं. खाली मोरीत बसणारी घासणीकाकू म्हणूनच घंटा वाजली की हात जोडत असे.

घासणीकाकू नारळाच्या काथ्याची. राज्यातलं प्रत्येक भांडं पहिल्यांदा तिच्यापुढे येई. राजघराण्यातलं चांदीचं फुलपात्र असो की चहाचं काळं पडलेलं पातेलं, तिच्या मोरीत सगळ्यांना सारखंच ओलं व्हावं लागे. ती चोळता चोळता बोलतं करी. कोण कुणावर रुसलंय, कुणाच्या पोटात काय करपलंय, हे तिला हातालाच कळे. तिच्या मोरीतलं एक भांडं पोत्यात गेलं तरी तिला दिवसभर पाणी गार लागे.

त्या वर्षी मोठा नैवेद्य जवळ आला होता. नैवेद्याची खीर पिढ्यान् पिढ्या तपेलीआक्का रांधत असे. जाड पितळेची, रुंद तोंडाची, देवभोळी बाई. ती खीर रांधे म्हणून तिला राज्यात मान होता, आणि खरं सांगायचं तर त्या एका दिवसासाठीच ती वर्षभर बरी राहत असे. पण आता वय झालं होतं. गळ्याशी बाहेरून हिरवा डाग होता, बुडाला गळती होती आणि बैठक डळमळत होती. तिन्ही दुखण्यांचे तिन्ही नेम तिने एकदम धरले होते. सकाळी चिंच-मीठ. दुपारी काठोकाठ पाणी भरून स्तब्ध बसणं. संध्याकाळी डाख सुकावा म्हणून उपडं पडून राहणं.

"आक्का, तू नेमच पाळत बसलीस," परातवहिनी एकदा म्हणाली. तिची जीभ तिच्या काठासारखीच धारदार. "चुलीवर कधी चढणार? की या खेपेला खीर मीच पसरून करू?"

वाट्या फिदीफिदी हसल्या. आक्का हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती मोरीत आली ती रडवेली होऊन.

"काकू, माझा एक नेम चुकलेला नाही. देवाशपथ. चिंच चुकली नाही, पाणी चुकलं नाही. मग दिवसेंदिवस मला असं हलकं हलकं का वाटतंय?"

"दाखव बघू," म्हणत काकूने तिला उचलून उजेडाकडे धरलं. आक्काच्या बुडातून उजेड येत होता. चांदणीएवढा, पण येत होता. सकाळी गळ्याला चोळलेल्या चिंचेचं पाणी ओघळून बुडाशी जात होतं आणि काल लावलेला डाख आज खात होतं. दुपारचं काठोकाठ पाणी उरलासुरला सैल करत होतं. आक्काच्या निष्ठेने आक्काच झिजत चालली होती.

"काय गं? पोतं?" आक्काने हळूच विचारलं.

काकूने तिला खाली टेकवलं. एक नेम सोडायला सांगावा, तर कोणता? आणि कुणाच्या अधिकारात? नेम कसा धरावा हे वरून आलेलं होतं. कसा सोडावा, हे कधीच आलं नव्हतं. आणि तेवढ्यात तिच्या काथ्यातून जणू वीज गेली. सोळा सोमवार करणारीसुद्धा उद्यापन करते! नारळ ठेवते, हळदकुंकू वाहते, हात जोडते आणि व्रत मानाने खाली उतरवते. देवाच्या व्रताला उद्यापन आहे, मग चिंचेच्या नेमाला का नसावं?

"आक्का, ऊठ," ती म्हणाली. "आपण वर जातोय."

"वर? आपण? अगो बाई!"

वर जायला एकच वाट होती, शिंक्याची. शिंकं कुरकुरलं. "माझं काम लोणी न्यायचं. ओल्या बायकांना वर न्यायचं मला कुणी सांगितलेलं नाही."

"मग समज की मी लोणी आहे," काकू म्हणाली आणि आक्काला घेऊन आत बसलीसुद्धा. शिंकं वर जाऊ लागलं तशी तिने दोरी घट्ट धरली. जन्मात तिने मोरीची पायरी ओलांडली नव्हती.

वरच्या फळीवर सगळं कोरडं आणि लखलखीत होतं. चाळणबाई चाळत होती. तिचे खांदे दुखत असावेत, पण ती थांबली आणि तिने पाट पुढे केला.

"बसा. कोणत्या दुखण्यासाठी आलात?"

"तिन्ही," काकू म्हणाली. "एकाच बाईला तिन्ही आहेत, बाई. आणि तुमचे तिन्ही नेम एकमेकांच्या उरावर बसलेत."

चाळणबाई विचारात पडली. "तिन्ही असलेल्यांचे दाणे येतात माझ्याकडे. पण ते खडबडीत असतात हो. जाळीत अडकतात. एका दुखण्याचा दाणा कसा गोल, गुळगुळीत, सर्रकन खाली पडतो. अडकलेले मी झटकून मागे टाकते. नाहीतर नेम शुद्ध होत नाही."

"मागे कुठे?"

चाळणबाईने मान वळवली. तिच्या पाठीशी एक सूप होतं. काठोकाठ भरून वर रास झालेलं, धुळीने माखलेलं. काकू त्यापाशी गेली आणि एकेक दाणा चिमटीत धरू लागली.

"ही तर परातवहिनी! गंज आणि चीर. हा घंगाळबुवा, कान तुटलेला आणि डाग. ही कढई, हा गडू..." तिचा आवाज चढत गेला. "बाई, ही माझी मोरी आहे! अख्खी मोरी इथे पडली आहे!"

चाळणबाई उठून आली. सुपातले दाणे तिने ओंजळीत घेतले आणि एकेक निरखून पाहिला. मग तिचा चेहरा असा उजळला की आक्का घाबरून मागेच सरकली.

"अहो, मी याला कोंडा समजत होते!" चाळणबाई म्हणाली. "राज्यातला सगळ्यात भरलेला दाणा माझ्या पाठीशी होता! काकू, मला खाली न्या. आत्ता. मला हे चाळायचं नाही, विचारायचं आहे."

शिंकं तिघींना घेऊन खाली निघालं. त्यांच्या वजनाने त्याची दोरी करकरत होती.

मोरीत पाय ठेवताच चाळणबाई जन्मात पहिल्यांदा ओली झाली. दचकली, मग हसली. आक्कापुढे बसून तिने आजवर कुणालाच न विचारलेली गोष्ट विचारली.

"आक्का, तुम्हाला काय करायचंय?"

"मला?" आक्का गोंधळली. तिला सगळे काय होतंय ते विचारत, काय करायचंय ते नाही. "मला... खीर रांधायची आहे."

"खीर कशाने अडेल? डागाने?"

"डाग बाहेरून आहे," काकू म्हणाली. "पसरायला त्याला वर्षं लागतील. गळतीने मात्र आजच अडेल."

"आणि डळमळ?"

"चुलीला तीन दगड लावून देऊ की! पाणी कशाला भरायला हवं?"

मग काकू आणि चाळणबाई भराभर बोलू लागल्या, एकमेकींची वाक्यं पुरी करू लागल्या. परातवहिनी, घंगाळबुवा, वाट्या, सगळे मोरीच्या कडेला गोळा झाले. ठरलं ते असं: डाखाचा नेम ठेवायचा. चिंचेचं आणि पाण्याचं उद्यापन करायचं.

आक्का पुढे सरकली. "देव कोपणार नाही ना, काकू? नेम मोडला म्हणून?"

"मोडतंय कोण? आपण उतरवतोय," काकू म्हणाली आणि तिने आक्काच्या गळ्यावरच्या हिरव्या डागाला हळदकुंकू लावलं. परातवहिनीने, कुणी न सांगता, आपल्यात नारळ ठेवून पुढे केला. आक्काने डोळे मिटले. इतकी वर्षं सकाळी ज्या चिंचेने तिला चोळलं, त्या चिंचेला तिने वाकून नमस्कार केला.

नैवेद्याच्या दिवशी तीन दगडांवर आक्का चढली. दूध ओतलं तेव्हा सगळ्या राज्याने श्वास रोखला. निखाऱ्यावर एक थेंब जरी पडला असता तरी चर्र झालं असतं. काकू जमिनीला कान लावून बसली होती. चाळणबाई तिच्या शेजारी, तशीच ओली.

चर्र झालं नाही.

थोड्या वेळाने दूध हलकेच शहारलं, मग फुगलं, मग वेलदोड्याचा वास घेऊन काठापर्यंत चढून आलं. "आली गं, आली!" वाट्या ओरडल्या. विस्तवाच्या उजेडात आक्काच्या गळ्याशी तो हिरवा डाग पाचूसारखा चमकत होता आणि त्याच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

त्यानंतर घंटा वाजली तेव्हा काकूने सवयीने हात जोडले. नवा नेम दोरीने खाली आला. पण या खेपेला तो तडक कुणाच्या गळ्यात पडला नाही. मोरीच्या कडेशी टेकला आणि काकूचे हात कोरडे होईतो तिथेच थांबला. दोरीच्या शेवटाला, खडबडीत, धूळ झटकलेला, उद्यापनासाठी एक लहानसा नारळ बांधलेला होता.